फळीवर एक पट्टा शिल्लक

दिनांक १३ मार्च १९६२, मंगळवार. रक्कम एकवीस रुपये. व्यवहार आमच्या अक्कलकुव्याच्या भांड्यांच्या दुकानात झाला. हजर तिघे: मी, तापीकाठचा एक शेतकरी गिऱ्हाईक, आणि चहा घेऊन मधल्या दारात आलेली माझी पत्नी. वडील हजर नव्हते. ते असते तर हा व्यवहार झाला नसता आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

विकलेली वस्तू म्हणजे पितळी घुंगरांचा एक पट्टा. चामड्याच्या रुंद पट्टीवर ओवलेली चाळीस मोठी घुंगरं, वजन पावणेतीन किलो, ठरलेला भाव अठरा रुपये. होळीला सातपुड्यातले नवस फेडणारे पुरुष असा पट्टा कमरेला बांधून नाचतात. काठी गावच्या होळीसाठी आमच्याकडून दरवर्षी दहा-बारा पट्टे डोंगरात जात.

तो एक पट्टा कसा विकला गेला हे सांगण्याआधी आमच्या दुकानातल्या फळीबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांचा सगळा माल त्यांच्या डोक्यात असे. म्हणजे ते तसं म्हणत. गिऱ्हाईकाने पाच शेराचा हंडा मागितला की ते म्हणत, "व्हई, देखस," आणि शिडी लावून माळ्यावर जात. वर भांडी सरकवल्याचा आवाज येई. पाच मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी ते हंडा घेऊन किंवा नुसतेच धुळीने माखून खाली येत. तोवर गिऱ्हाईक ओट्यावर बसून पाणी पिई, बिडी ओढी, नाहीतर उठून समोरच्या दुकानात जाई. मी चार आठवडी बाजारांचे दिवस मोजले. एकूण एकशे अठ्ठावीस गिऱ्हाइकांतली एकतीस वाट पाहून निघून गेली. त्यांतल्या एकोणीस जणांना हवी असलेली वस्तू आमच्या माळ्यावर होती.

मी धुळ्याला एका गिरणीच्या भांडारात दीड वर्ष कारकून होतो. तिथे प्रत्येक फडताळाला एक कार्ड टांगलेलं असे. माल आला की त्यावर लिहायचं, गेला की लिहायचं, त्याच क्षणी लिहायचं. साहेबाला भांडारात न शिरता कळे की कुठला सुटा भाग किती शिल्लक आहे. १९५८ साली मी नोकरी सोडून घरी आलो तो ही पद्धत डोक्यात घेऊन. पण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, आणि आप्पांना लिहिण्याचा कंटाळा. म्हणून मी कार्डांऐवजी फळी केली. सागाची फळी, चार फूट बाय अडीच, तिच्यावर अठ्ठावन्न खिळे. प्रत्येक खिळ्याखाली वस्तूचं चित्र आणि भाव. तेलाच्या डब्यांच्या पत्र्यातून चकत्या कापून त्यांना भोकं पाडली. दुकानात जितके नग तितक्या चकत्या खिळ्यावर. एक नग विकला की एक चकती काढून खालच्या डबीत टाकायची. कोणीही, कधीही, उभ्या उभ्या फळीकडे पाहावं आणि दुकानात काय आहे ते त्याला कळावं.

फळी लागली त्या दिवशी एक म्हातारी हंड्याच्या चित्राकडे बोट दाखवून आप्पांना म्हणाली, "शेठ, इतलासा हंडा? यामा काय चिमणीसाठे पानी भरू?"

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मन्हा पोऱ्याले इचार," ते म्हणाले. "तो धुळाथीन शिकी उना शे."

पण फळी चालली. गिऱ्हाईक दारातूनच विचारू लागलं, आणि मी गादीवरून न उठता हो किंवा नाही सांगू लागलो. नाही म्हटलं तरी माणसाला बरं वाटे, त्याचा वेळ वाचे. लग्नाच्या याद्या घेऊन येणारे लोक दोन तासांचं काम अर्ध्या तासात उरकून जाऊ लागले. शहाद्याकडचे, तळोद्याकडचे लोक "ते फळीवालं दुकान" विचारत येऊ लागले. मला याचा अभिमान होता. आप्पा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "तू तुन्ही फळीले इचार, मी माळावर जास."

एकच गोष्ट फळीवर बसत नव्हती. डोंगरातली माणसं होळीच्या बरीच आधी येऊन पट्टा निवडून जात. पैसे नंतर आणत, कारण पैसे मोहाची फुलं किंवा चारोळी विकून यायचे असत. निवडलेल्या पट्ट्याला ते दोरा बांधत, आणि जितक्या दिवसांनी यायचं तितक्या गाठी त्या दोऱ्याला मारत. तितक्याच गाठींचा दुसरा दोरा स्वतःबरोबर नेत. तिकडे तो माणूस रोज एक गाठ सोडे, इकडे आप्पा रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की माळ्यावर जाऊन एक गाठ सोडत. शेवटची गाठ सुटली त्या दिवशी माणूस दारात हजर. आप्पांच्या हिशेबी दोरा बांधलेला पट्टा विकला गेलेला होता. माझ्या हिशेबी नव्हता. पैसे आले नाहीत, माल दुकानात आहे, म्हणून चकती खिळ्यावर. यावरून आमचा दोनदा वाद झाला.

"मंग त्याले येगळी चकती कर," आप्पा म्हणाले.

"एक पैसा इसार नही, आनि येगळी चकती?" मी म्हणालो. "उद्या कोनीबी येई, दोरा बांधी जाई."

आप्पांनी वाद वाढवला नाही. मी तो जिंकलो असं मला वाटलं.

१९६२ च्या ५ मार्चला काठीजवळच्या एका पाड्यावरचा माणूस आला. तिशीचा असेल. सात-आठ वर्षं तो आप्पांकडेच भांडी घ्यायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या मुलीला देवी आल्या होत्या. ती वाचली, आणि त्याने पाच होळ्या नाचण्याचा नवस केला. नवसातली ही तिसरी होळी. एकही होळी चुकली तर मोजणी पुन्हा एकपासून. पहिली दोन वर्षं त्याने चुलतभावाचा पट्टा मागून नेला होता. यंदा चुलतभावाचा मुलगाच नाचणार होता, म्हणून त्याला स्वतःचा पट्टा हवा होता.

आप्पांनी बारा पट्टे खाली काढले. त्याने एकेक उचलून कानाजवळ वाजवला. तिसरा आणि आठवा बाजूला ठेवला. मग दोन्ही पुन्हा वाजवले, डोळे मिटून. यात एक तास गेला. मी घड्याळाकडे पाहत होतो. शेवटी त्याने आठवा घेतला, त्याला दोरा बांधला, अकरा गाठी मारल्या.

"शेठ, सोळा तारीखले येस," तो म्हणाला. तारीख त्याने मला विचारून घेतली होती.

"ये. तुन्हाच शे तो," आप्पा म्हणाले.

आठवड्यात बाकीचे अकरा गेले. १२ तारखेला आप्पा नातलगाच्या लग्नाला गेले. जाताना मला म्हणाले, "रोज एक गाठ सोडजो." मी हो म्हणालो, आणि १३ तारखेच्या सकाळी एक गाठ सोडलीही. तीन उरल्या.

त्याच दुपारी सारंगखेड्याकडचा तो शेतकरी आला. केळी आणि उसाचा मोठा बागायतदार, पन्नाशीचा, पांढरं धोतर, बोलायला मोकळा. त्याच्या मुलाचं लग्न होतं. वरातीच्या छकड्याच्या बैलांसाठी त्याला घुंगरमाळा हव्या होत्या. घुंगरमाळांच्या खिळ्यावर काही नव्हतं. तो चार-पाच गावं हिंडून आलेला होता.

"मंग तो पट्टा दी दे," तो फळीकडे बोट करून म्हणाला. "मी कापीसन दोन माळा करी लेसू."

"तो देवाना नही, आबा. बांधेल शे."

"फळीवर त एक दखास." तो हसला. "लोके सांगतस, फळीवर दखायनं म्हंजे दुकानमा शे. का तुन्ही फळीबी आमना गावना दलालसारखी लबाड बोलस?"

हे त्याने सहज म्हटलं. मला ते लागलं. चार वर्षांत फळीवर आहे आणि दुकानात नाही असं एकदाही झालं नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. गुजरातेतल्या ज्या पितळ ओतणाऱ्या ओताऱ्याकडून आम्ही पट्टे घेत असू, त्याचं पोस्टकार्ड आदल्या दिवशी आलं होतं: सहा पट्टे १५ तारखेच्या मोटारीत टाकतो. मी लगेच सहा चकत्या उलट्या करून त्याच खिळ्यावर अडकवल्या होत्या. उलटी चकती म्हणजे वाटेवरचा माल. म्हणजे माझ्या दृष्टीने एक नाही, सात पट्टे होते. मी मनात मांडलं: आज एक जातो, परवा सहा येतात, सोळा तारखेला त्या माणसाला त्यातला एक मिळतो. कोणाचंच नुकसान नाही.

"एकवीस देस," शेतकरी म्हणाला. "लगन शे, घासाघीस करत नही."

मी माळ्यावर गेलो, पट्टा खाली आणला, कात्रीने दोरा कापला. तेव्हाच पत्नी चहा घेऊन दारात आली.

"आयका का," ती हळूच म्हणाली, "हाऊ त्या डोंगरवाला भाऊना शे ना?"

"परवा सहा येतीन. त्यातला एक त्याना."

"त्यानी वाजाडी वाजाडी हाऊच निवाडेल व्हता."

"पितळना आवाज सारखाच ऱ्हास."

शेतकरी चहाचा घोट घेत म्हणाला, "बाई, बैलले कोठे कळस आवाज!" आणि तो आणि मी दोघेही हसलो. पत्नी हसली नाही. कप उचलून ती आत गेली. मी चकती काढून डबीत टाकली आणि एकवीस रुपये गल्ल्यात.

१५ तारखेला मोटार आली, पट्टे आले नाहीत. ड्रायव्हरने निरोप दिला की ओताऱ्याने सहाही नग तिकडच्याच बाजारात विकले, भाव चांगला मिळाला म्हणून. फळीवर सहा उलट्या चकत्या लटकत होत्या. मी त्या एकेक करून काढल्या.

संध्याकाळी आप्पा आले. पाय धुवून माळ्यावर गेले आणि लगेच खाली आले.

"पट्टा कोठे शे?"

मी सगळं सांगितलं. भाव, पोस्टकार्ड, ओतारी. आप्पांनी मध्येच विचारलं, "मी त्याले काय सांगेल व्हतं?"

"तुन्हाच शे तो, अशे."

"मंग?"

 आप्पा ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चप्पल घालून बाहेर पडले आणि बाजारातल्या सगळ्या दुकानांत विचारून आले. होळी पाच दिवसांवर होती. कुठेही एक पट्टा नव्हता.

सोळाला सकाळी तो आला. अनवाणी, कपाळाला काही नाही, अंगावर एकच धुतलेलं वस्त्र. त्याची पालनी सुरू झाली होती. नवसाआधीचे दिवस ही माणसं व्रताने राहतात. दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत, खाटेवर निजत नाहीत, परक्या घरात शिरत नाहीत. त्यामुळे तो ओट्याखालीच उभा राहिला. कमरेच्या कापडातून त्याने रुपयांची आणि नाण्यांची पुरचुंडी काढली.

आप्पा खाली उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. "मन्हा हातथीन चुकी व्हयनी," ते म्हणाले. "पट्टा गया."

मी गादीवरून म्हणालो, "आप्पा, तुमना हातथीन नही." पण आप्पांनी वळून पाहिलं नाही.

तो माणूस गोंधळला. त्याला वाटलं चोरी झाली. "कोन ली गया?" त्याने विचारलं. पट्टा मी विकला, हे आप्पांना त्याला सांगावं लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग पुरचुंडी परत बांधली. "शेठनी सांगेल व्हतं," एवढंच तो म्हणाला.

मी म्हणालो, मी तो परत आणतो, उद्या दुपारपर्यंत थांब. तो समोरच्या लिंबाखाली बसला. बरोबर आणलेलं पीठ त्याने तिथेच तीन दगडांवर भाजून खाल्लं. पत्नीने पाण्याचा हंडा नेऊन त्याच्यापासून दोन हातांवर ठेवला.

मी पहिल्या बसने निघालो. सारंगखेड्याकडे पोचलो तेव्हा शेतकऱ्याची वरात दुसऱ्या गावी गेलेली होती, बैल आणि छकडा तिच्याबरोबर. रात्र त्यांच्या ओसरीवर काढली. सतराला सकाळी वरात परतली. पट्टा कापून दोन माळा झाल्या होत्या, सहा घुंगरं नातवाच्या तट्टाला बांधली होती आणि ती कुठे पडली ते कोणाला ठाऊक नव्हतं. शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"आरे, तू तवय सांगता ना, का नवसना शे," तो म्हणाला. "मी काय नवसना पट्टा बैलले बांधता का?"

मी "बांधेल शे" एवढंच म्हटलं होतं. कोणासाठी, कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो शेतकरी पट्टा न मागता रिकाम्या हातांनी हसत परत गेला असता. हे मला त्या क्षणी कळलं, आणि पुढे अनेक वर्षं मनातून गेलं नाही. त्याने पैसे परत घ्यायला नकार दिला. मी एकवीस रुपये त्याच्या ओसरीवर ठेवले आणि चौतीस घुंगरं पिशवीत घालून निघालो.

मी अक्कलकुव्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो दुपारपर्यंत थांबून निघून गेला होता.

त्या रात्री आप्पांनी आणि मी चौतीस घुंगरं नव्या पट्टीवर ओवली. अठराला पहाटे मी पायी निघालो. मुक्काम मोलगीला केला आणि एकोणीसला दुपारी त्याच्या पाड्यावर पोचलो. होळीला अजून एक पूर्ण दिवस होता. सगळ्या वाटेने मी हाच हिशेब करत होतो: वेळ आहे, चौतीस घुंगरांनीही नाचता येईल.

तो घरापासून दूर मोहाच्या झाडाखाली एकटाच होता. सहा-सात वर्षांची, तोंडावर देवीचे व्रण असलेली एक मुलगी लांबून त्याच्याकडे पाहत उभी होती. मी पट्टा जमिनीवर ठेवून मागे सरलो. त्याने तो उचलला, कानाशी नेऊन वाजवला, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने आवाज ओळखला. मग त्याची बोटं एका कडीपाशी थांबली. तिथे पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता.

"हाई काय शे?" त्याने विचारलं. "बैलना गळामा व्हता?"

मला नाही म्हणता आलं असतं. तिथे दुसरा साक्षीदार नव्हता. कधी कधी वाटतं, नाही म्हणायला हवं होतं. एका खोट्याने त्याचं तिसरं वर्ष वाचलं असतं. पण मी हो म्हणालो. खरं बोलल्याचं समाधान त्या दिवशी मला मिळालं नाही.

"मंग नही चाले," तो म्हणाला, आणि पट्टा होता तसा खाली ठेवला. मग म्हणाला, "शेठ म्हातारा शे. त्याले काही बोलू नको."

मला प्यायला पाणी मिळालं, भाकरी मिळाली, शेजारच्या घरातून. होळी पाहून जा असं कोणीतरी म्हणालं. मी थांबलो नाही. उतरताना दुपारभर मागून ढोल ऐकू येत होते.

त्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. १९६४ ला संपायचा नवस १९६७ ला संपला. मधली तीन वर्षं माझ्यामुळे वाढली. तीन वर्षांचं व्रत, तीन वर्षांची धाकधूक की मुलीला काही होऊ नये.

त्याच महिन्यात मी तांबड्या रंगाच्या चकत्या केल्या. दोरा बांधला गेला की पत्र्याची चकती काढून तांबडी लावायची, पैसे आलेले असोत वा नसोत. वाटेवरच्या मालाच्या उलट्या चकत्या बंद केल्या. माल मोटारीतून उतरून हातात येईपर्यंत फळीवर काही चढत नसे. पुढे दुकान चाललं तोवर बांधलेली एकही वस्तू दुसऱ्याला गेली नाही. ही दुरुस्ती करायला मला अर्धा दिवस लागला होता. आप्पांनी सुचवली तेव्हाही अर्धाच दिवस लागला असता.

पुढच्या वर्षी, १९६३ च्या फेब्रुवारीत, तो आला. आप्पांनी आलेल्या मालातले सगळे पट्टे त्याच्यासाठी आधी काढून ठेवले होते. त्याने पुन्हा तासभर वाजवून पाहिले. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याने एक निवडला आणि दोरा न बांधता पुरचुंडी सोडली; या वेळी पैसे बरोबरच आणले होते.

मी म्हणालो, "भाऊ, यानं काही देऊ नको. हाऊ मन्हाकडथीन."

"नवसना पट्टा फुकट चालत नही, धाकला शेठ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

गल्ल्यावर मी बसलो होतो. आप्पा शिडीपाशी उभे होते. तो माझ्यासमोरून पुढे गेला आणि अठरा रुपये, सगळी नाणी, मोजून आप्पांच्या हातात दिले.